कराड ते कोल्हापूर : फिजिओथेरपिस्टला काम कुठे आहे?

बीपीटीएचच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो, इंटर्नशिप सुरू होते आणि घरात एकच विषय निघत राहतो : पुढे काय? वडिलांना नोकरी हवी असते, आईला ती घराजवळ हवी असते आणि मुलीला पुण्याला जायचं असतं. (मुलगी म्हणतो, कारण या शाखेच्या वर्गात मुलीच जास्त असतात.) हा लेख त्या तिघांसाठी आहे, पण त्यात पुण्याबद्दल फारसं काही नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांची माहिती सगळीकडे मिळते. कराडपासून कोल्हापूरपर्यंतच्या सुमारे 75 किलोमीटरच्या महामार्गावर आणि त्याच्या दोन्ही अंगांना, म्हणजे सांगली, मिरज, विटा, तासगाव, इचलकरंजी, गडहिंग्लज या गावांत फिजिओथेरपिस्टला काय मिळतं, हे मात्र कुणी नीट सांगत नाही.

या पट्ट्यात वैद्यकीय सोय कमी नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून अथणी, रायबाग, चिकोडीकडचा माणूस दुखणं वाढलं की मिरजेची गाडी धरतो. मिरज आणि कोल्हापूर इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कराडला कृष्णा आहे, कोल्हापूरला डी. वाय. पाटील आहे, आणि हाडांच्या डॉक्टरांचे दवाखाने तर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. रुग्णांचा तुटवडा नाही. तरी नवा फिजिओ पहिल्या वर्षात हिरमुसतो, याचं कारण तो सगळ्यांबरोबर एकाच दारात उभा राहतो. ते दार हाडांच्या डॉक्टरांचं. तिथून चिठ्ठी येईल, मग रुग्ण येईल, मग दहा सिटिंग होतील. गुडघे, कंबर, मान आणि खांदा यांच्यामागे गर्दी आहे. रुग्णालयातून घरी गेलेल्या पक्षाघाताच्या माणसाकडे, मांडीचं हाड मोडून पडून राहिलेल्या आजीकडे, मान न धरणाऱ्या मुलाकडे जायला मात्र कुणी नाही. या भागात बस्तान बसवायचं असेल तर नजर त्या दुसऱ्या बाजूला वळवा, एवढंच मला सांगायचं आहे. पण त्याआधी पहिल्या दाराची नीट ओळख करून घेऊ, कारण सुरुवातीची दोन वर्षं बहुतेकांची तिथेच जाणार आहेत.

गुडघ्यांचं काम वाढलं त्याला कारणं आहेत. 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या साठीपुढच्या माणसांचं प्रमाण 9.9 टक्के होतं. तेव्हापासून ते वाढतच गेलं आहे, आणि तरणी मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या गावांत ते आकडा न बघताही कळतं. ऑगस्ट 2017 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना मर्यादा घातली. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून 54,720 रुपये ठरली. सांधा स्वस्त झाला आणि ऊसपट्ट्यातल्या बऱ्या घरांना गुडघा बदलणं आवाक्यात वाटू लागलं. बदललेला प्रत्येक गुडघा नीट वाकायला हवा तर फिजिओथेरपी लागतेच. त्यामुळे सांधेबदलाच्या रुग्णालयात एकदोन फिजिओ पगारी असतात, आणि नव्या मुलांना पहिली नोकरी मिळते ती बहुधा इथेच.

पगाराचं सरळ सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयात नव्या बीपीटीएचला महिना साधारण 12 ते 18 हजारांच्या घरात मिळतात. कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या वर भरलेल्या बापाला हा आकडा ऐकून घाम फुटतो आणि तो फुटायलाच हवा. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते त्या पैशात काय शिकायला मिळतं हे. मुलाखतीला गेलात की तीन गोष्टी विचारा. पहिली, अतिदक्षता विभागात फिजिओला जाऊ देतात का? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या छातीचं काम, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी उभं करणं हे हात बसल्याशिवाय येत नाही, आणि ओपीडीत दिवसभर मशीन लावून तर कधीच येत नाही. दुसरी, हाताखाली शिकवणारा कुणी वरिष्ठ फिजिओ आहे का? असेल तर दोन हजार कमी घेऊनही तिथे राहा. तिसरी, नेमणूक पगारी आहे की 'कन्सल्टंट' म्हणून? याचं उत्तर बऱ्याचदा तोंडी 'पगार' आणि कागदावर 'व्यावसायिक फी' असं असतं. मग भविष्य निर्वाह निधी नाही, रजा नाही, आणि वर्षाची रक्कम ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की 10 टक्के टीडीएस कापून पैसे हातात येतात. हे बेकायदा आहे असं नाही, पण मग विवरणपत्र भरा आणि कापलेला कर परत मागा. एवढ्या कमाईवर बहुतेकांना कर लागतच नाही. तरी कितीतरी मुलं हे पैसे सोडून देतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

नेमणुकीच्या कागदावर आणखी एक कलम बघा : नोकरी सोडल्यावर अमुक किलोमीटरच्या आत दवाखाना काढायचा नाही. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, हवं तर समोर ताडून दाखवा.

सरकारी नोकरीची आशा घरच्यांना फार असते, म्हणून तेही एकदा मोजून घेऊ. जागा आहेत, पण थोड्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा रुग्णालयाच्या ज्येष्ठ नागरिक कक्षासाठी आणि लहान मुलांच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी कंत्राटी फिजिओथेरपिस्ट घेतात. मानधन गेल्या काही वर्षांतल्या जाहिरातींत 20 हजारांच्या आसपास दिसतं. दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च 2024 मध्ये निघाला, आणि त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून ऑगस्ट 2025 मध्ये हेच कर्मचारी संपावर गेले. यावरून काय समजायचं ते समजा. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या भरतीत कधीमधी पदं निघतात. रेल्वेच्या पॅरामेडिकल भरतीत फिजिओथेरपिस्टचं पद सातव्या वेतन आयोगाच्या सहाव्या स्तरावर, म्हणजे 35,400 मूळ वेतनावर असतं. ते चांगलं आहे, पण देशभरासाठी जागा मोजक्याच निघतात आणि स्पर्धा अर्थातच देशभरातून. राज्याच्या जाहिरातींत हे पद 'भौतिकोपचारतज्ज्ञ' या नावाने येतं. नुसतं 'फिजिओथेरपिस्ट' शोधत बसलात तर निम्म्या जाहिराती हातून जातील. अर्ज जरूर करा, परीक्षा द्या. मात्र तिच्या तयारीसाठी रुग्णाला हात न लावता घरी वर्षभर बसू नका. हाताची सवय गेली की मुलाखतीत आणि रुग्णाच्या खाटेपाशी दोन्हीकडे ते उघडं पडतं.

आता दुसरी बाजू.

'अंगावरून वारं गेलं' असं आपल्याकडे खेड्यात अजून म्हणतात. वारं गेलेला माणूस मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखल होतो, आठ-दहा दिवसांत जीव वाचतो, नाकातली नळी आणि लघवीची पिशवी घेऊन घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं : फिजिओथेरपी चालू ठेवा. कोण ठेवणार, कुठे ठेवणार, याबद्दल एक अक्षर नाही. रुग्णालय पन्नास किलोमीटरवर, रिक्षा करून रोज नेणं परवडत नाही, नेलं तरी उचलायला चार माणसं हवीत. मग कुणीतरी तेल लावणारा सांगतं, कुणी अमुक गावचं औषध सांगतं, आणि घरातली माणसं प्रेमापोटी लुळा हात धरून त्याला ओढून बसवतात. त्या ओढण्याने खांदा सांध्यातून खाली सरकतो. महिन्याभरात तो इतका दुखू लागतो की पुढे कुणी हात लावू देत नाही. पक्षाघातानंतर हालचाल परत येण्याचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत घडतो आणि हेच तीन महिने आपल्याकडे असे जातात.

इथे जाणाऱ्या फिजिओला पहिल्या भेटीतच करण्यासारखं इतकं असतं, की मशीन न्यायची गरजच पडत नाही. खांद्याला आधार कसा द्यायचा, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, खाटेच्या कडेला पाय जमिनीला टेकवून कसं बसवायचं, पाणी पाजताना मान कशी ठेवायची, हे सुनेला किंवा मुलाला करायला लावून शिकवायचं. नुसतं सांगून भागत नाही. त्यांच्या हातून करून घ्यायचं. मग घर बघायचं. बाज असेल तर ती मध्ये खचते, तिच्यावर बसण्याचा तोल शिकवता येत नाही. फळ्या टाकून घ्या. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर ठेवायची खुर्ची लागेल. भिंतीला धरायला गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय पाइपचा कठडा करून घेता येतो, हजार-दीड हजारात. पाठ्यपुस्तकात हे सापडत नाही, पण घरचे लोक तुम्हाला याच्यावरून लक्षात ठेवतात.

पैशांचं गणित मांडून बघा. एका घरभेटीचे तालुक्याच्या गावी साधारण 300 ते 400 मिळतात, कोल्हापूर-सांगलीत थोडे जास्त. दिवसाला चार भेटी, सरासरी 350 रुपये, महिन्याचे 25 दिवस : 35 हजार. पेट्रोल आणि गाडीचा खर्च वजा करूनही ही रक्कम रुग्णालयाच्या पगारापेक्षा बरी आहे. अट एकच, भेटी एकाच वाटेवर असल्या पाहिजेत. तासगावातला एक आणि जतमधला दुसरा असे रुग्ण घेतले तर दिवस रस्त्यात जातो. म्हणून सुरुवातीलाच एक टापू ठरवा, पंधरा किलोमीटरच्या आतला, आणि त्याबाहेरच्या रुग्णाला नाही म्हणायला शिका. नाही म्हणताना त्या भागातल्या दुसऱ्या फिजिओचा नंबर द्या. तोही उद्या तुमचा नंबर देईल.

वसुलीबद्दल कॉलेजात अवाक्षर सांगत नाहीत. 'उसाचं बिल आलं की देतो' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच महिन्यात ऐकायला मिळेल. बोलणारा खोटं बोलत नसतो. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, आणि तो किती पाळला जातो हे शेतकरी संघटनांची आंदोलनं बघितलेल्यांना सांगायला नको. तेव्हा हिशेब आठवड्याचा ठेवा, महिन्याचा नको. शनिवारी सहा भेटींचे पैसे मागायला संकोच वाटत नाही. महिनाअखेर दहा हजार मागताना दोघांनाही वाटतो. रोज परवडत नसेल त्या घरी आठवड्यातून दोनदा जा आणि मधल्या दिवसांचं काम घरच्यांना वाटून द्या, फोनवर व्हिडिओ मागवून बघा. याने तुमचं नुकसान होत नाही. जे घर रोजच्या खर्चाला घाबरून आठवड्यात थांबलं असतं, ते दोन महिने टिकतं.

हे रुग्ण मिळवायचे कसे? चिठ्ठी इथेही लागते, पण ती देणारे वेगळे. मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमडी डॉक्टर यांना रुग्ण घरी गेल्यावर त्याचं काय झालं हे क्वचितच कळतं. त्यांना भेटा आणि महिन्यातून एकदा प्रत्येक रुग्णाचा एका पानाचा अहवाल पाठवा : कधी सुरू केलं, तेव्हा काय करता येत होतं, आज काय येतं, अडचण काय. साध्या भाषेत, तारखांसह. पुढच्या तपासणीला रुग्ण चालत आला की तुमचं नाव सांगायला वेगळी जाहिरात लागत नाही. गावातल्या आशाताई, मेडिकल दुकानदार आणि बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरीणबाई यांनाही भेटून या. बाळंतपणानंतरची कंबर, ओटीपोटाचे सैलावलेले स्नायू, खोकताना लघवी होणं यावर व्यायामाने उपाय होतो हे बायकांना माहीतच नसतं, आणि याबद्दल त्या पुरुषाशी बोलणार नाहीत. इथे महिला फिजिओला जवळजवळ मोकळं रान आहे.

घरभेटी मुलींना सुरक्षित आहेत का, हा प्रश्न आई विचारते आणि तो रास्त आहे. पहिल्या भेटीला घरातली दुसरी बाई हजर असेल याची फोनवर खात्री करून घ्यावी, रोजचा मार्ग घरी लिहून ठेवावा, अंधार पडल्यावरच्या भेटी घेऊ नयेत, आणि कुठे मन कचरलं तर कारण न देता ते घर सोडावं. दुसरा प्रश्न कुणी उघड विचारत नाही : लग्नानंतर गाव बदललं तर एवढी जमवलेली प्रॅक्टिस जाणार ना? जाते, आणि तिचा बराचसा भाग नव्याने उभा करावा लागतो. म्हणून लग्नाआधीच्या वर्षांत भाड्याचा गाळा आणि लाखांची मशीन यांत पैसे घालण्यापेक्षा मेंदू-मज्जासंस्था किंवा लहान मुलांचं काम यात हात तयार करावा. तो सासरीही चालतो, मग सासर सांगोल्याला असो की निपाणीला. निपाणीला असेल तर कानडी शिका. सीमेलगतच्या फिजिओला कानडीची चार वाक्यं महिन्याला दोन-चार रुग्ण वाढवून देतात.

लहान मुलांबद्दल थोडंच सांगतो, कारण ते काम ज्याला आवडतं त्यालाच जमतं. सेरेब्रल पाल्सीचं मूल वर्षानुवर्षं तुमच्याकडे येतं. फी कमी, धीर जास्त. जिल्हा केंद्रात किंवा एखाद्या विशेष शाळेत आठवड्याचे दोन दिवस मिळाले तर घ्या. पालक तिथूनच तुम्हाला ओळखतात.

खेळाच्या फिजिओथेरपीचं वेड सगळ्यांना आहे. आयपीएलच्या संघाचा फिजिओ व्हायचं स्वप्न बाजूला ठेवलं, तर कोल्हापुरात खरोखरच वेगळी संधी आहे. पेठांच्या फुटबॉलवर जीव टाकणारं असं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल यांचा हंगाम रंगतो, पोरांच्या गुडघ्यांचं लिगामेंट जातं, आणि अनेकजण आठवडाभर पट्टी बांधून पुन्हा मैदानात उतरतात. तालमीतल्या पैलवानांची तीच तऱ्हा. खांदा निखळला की आधी हाड बसवणाऱ्याकडे. या मंडळांकडून आणि तालमींकडून पैसा फारसा मिळणार नाही, सुरुवातीला तर अजिबात नाही. पण एका तालमीत आठवड्यातून एक सकाळ नियमित गेलात, वस्तादांशी नीट बोललात, तर तिथली पोरं, त्यांचे बाप आणि पेठेतले सगळे तुमच्याकडे येऊ लागतात. वस्तादांचा शब्द कुठल्याही जाहिरातीपेक्षा पेठेत जास्त चालतो.

कारखान्यांकडे अजून फार कुणी वळलेलं नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत साचे उचलणारा, इचलकरंजीत मागांमध्ये दिवसभर उभा असणारा, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल, या सगळ्यांची कंबर आणि खांदे जातात आणि खाडे होतात. मोठ्या कारखान्याच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याकडे 'ओझं उचलण्याचं प्रशिक्षण आणि आठवड्यातून एक दिवस तपासणी' असा लेखी प्रस्ताव घेऊन जा. दहा ठिकाणी नकार येईल. एखाद्याने होकार दिला तरी महिन्याचं ठरावीक उत्पन्न सुरू होतं, आणि नव्या प्रॅक्टिसला त्याचा आधार मोठा असतो. ऊसतोड मजुरांकडे मात्र उत्पन्नाचा मार्ग म्हणून बघू नका. ते हंगामापुरते येतात, दहा सिटिंगला येऊच शकत नाहीत. आले तर एकाच बैठकीत मोळी उचलण्याची पद्धत आणि दोन व्यायाम शिकवून सोडा.

स्वतःचा दवाखाना कधी काढायचा? दोन वर्षं रुग्णालयात आणि साधारण वर्षभर घरभेटी झाल्यावर, असं माझं मत. तोवर तुमच्या टापूत तुम्हाला ओळखणारी घरं तयार झालेली असतात. जागा तळमजल्यावरच घ्या. जिना चढून येऊ शकणाऱ्या रुग्णाला तुमची गरज तशी कमीच असते. लागतं काय? दोन पक्के कोच, गादी, समांतर दांडे, वजनं, रबरी पट्ट्या, कोन मोजायचा गोनिओमीटर, एक चांगलं कॉम्बिनेशन मशीन. सुरुवातीला एवढं पुरतं. रुग्ण 'तुमच्याकडं कुठलं मशीन हाय?' असं विचारणारच, आणि शेजारच्याने लेझर आणलं म्हणून तुम्हालाही आणावंसं वाटणार. मशीनचा हप्ता भरण्यासाठी प्रत्येक रुग्णाला ते लावण्याची वेळ आली की समजा, दवाखाना आता तुम्ही चालवत नसून बँक चालवते आहे. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंत 'शिशु' आणि 5 लाखांपर्यंत 'किशोर' गटात मिळतं. पहिल्या दवाखान्याला किशोरची मर्यादा ओलांडायची गरज नाही.

आणि तो 'कट'. रुग्ण पाठवणाऱ्याला टक्केवारी द्यावी लागते, नाहीतर प्रॅक्टिस चालत नाही, असं सीनिअर लोक कानात सांगतात. डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेऊ नये हे 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतच लिहिलं आहे, हे एक. दुसरं निव्वळ व्यवहाराचं. दहा सिटिंगचे तीन हजार घेतले आणि त्यातले हजार दिले, तर ते हजार भरून काढायला तुम्ही रुग्णाची सिटिंग वाढवता; रुग्णाला ते कळतं, आणि तो गावात सांगतो. चिठ्ठीवर जगणारा दवाखाना डॉक्टरांचा मूड बदलला की एका महिन्यात ओस पडतो. ज्याच्याकडे येणारे निम्मे रुग्ण आधीच्या रुग्णांनी पाठवलेले असतात, त्याला कट मागायला कुणी येत नाही.

एमपीटीएच करावं का? शिकवायचं असेल तर करावंच लागेल, महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला ते लागतंच. या पट्ट्यात फिजिओथेरपीची महाविद्यालयं आहेत, त्यामुळे हा मार्ग खरा आहे. प्रॅक्टिसच करायची असेल तर आधी दोन वर्षं काम करा, कुठल्या रुग्णाजवळ आपला जीव रमतो ते बघा, मगच विषय निवडा. लगेच प्रवेश घेणारे बहुतेकजण अस्थी-स्नायूंचा विषय घेतात, कारण तोच ओळखीचा असतो, आणि पुन्हा त्याच गर्दीत येऊन उभे राहतात. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांचं म्हणाल तर ड्राय नीडलिंग, टेपिंग, कपिंग अशी प्रमाणपत्रं भिंतीवर लावायला छान दिसतात. वर्षाला एक करा, आणि ती करण्याआधी स्वतःला विचारा, गेल्या महिन्यातल्या कुठल्या रुग्णाला याचा उपयोग झाला असता?

नोंदणीबद्दल ढिलाई नको. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंद केल्याशिवाय प्रॅक्टिस करता येत नाही. तिचं नूतनीकरण वेळेवर करा आणि प्रमाणपत्र दवाखान्यात दिसेल असं लावा. केंद्राच्या 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय आयोगही आला आहे, नियम अजून बदलत आहेत. नावाआधी 'डॉ.' लावावं की नाही यावरून सप्टेंबर 2025 मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. पाटीवर तुमच्या नावापुढे 'फिजिओथेरपिस्ट' हा शब्द ठळक असू द्या. रुग्णाचा गोंधळ होणार नाही आणि वादाचं कारणही उरणार नाही.

परदेशाचा मोह स्वाभाविक आहे. महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी 2024 मध्ये करार केला, त्यातल्या कुशल मनुष्यबळाच्या यादीत फिजिओथेरपिस्ट होते. यादीत नाव आहे म्हणून विमानात बसता येत नाही. जर्मनीत हा व्यवसाय परवान्याचा आहे; पदवीची मान्यता मिळवावी लागते, अभ्यासक्रमातला फरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढावा लागतो आणि रुग्णाशी बोलण्याइतकी भाषा यावी लागते. रोज अभ्यास केला तरी तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. ब्रिटनमध्ये एचसीपीसीची नोंदणी, ऑस्ट्रेलिया-कॅनडात त्यांच्या मूल्यांकनाच्या आणि परीक्षेच्या पायऱ्या. आखाती देशांत परवाना परीक्षेसोबत अनुभव मागतात. सगळीकडे एक गोष्ट समान : मान्यतेसाठी विद्यापीठाकडून इंटर्नशिपचे तास, प्रात्यक्षिकांचा तपशील, अभ्यासक्रमाची प्रत असे कागद लागतात. ते पास झाल्या झाल्या काढून ठेवा. पाच वर्षांनी जुन्या कॉलेजच्या कार्यालयात चकरा मारताना महिने जातात. आणि एजंटाला पैसे देण्याआधी त्या देशाच्या नोंदणी संस्थेचं संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा. बहुतेक अर्ज थेट, एजंटाविना करता येतात.

ज्यांचा प्रवेशच अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. नीटचे गुण आले, एमबीबीएस हुकलं, बीडीएस नको म्हणून फिजिओथेरपी, अशी यादी खाली खाली येत या शाखेत येणारे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण शरीराचं कष्टाचं काम आहे हे आधी समजून घ्या. ऐंशी किलोच्या माणसाला तोल देऊन उभं करायचं असतं. राष्ट्रीय आयोगाने 2025 मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात पदवी पाच वर्षांची आहे, त्यात वर्षभराची इंटर्नशिप; तेव्हा फीचा हिशेब साडेचार वर्षांचा न धरता ज्या वर्षी प्रवेश घेता त्या वर्षीचा नियम बघून करा. मुंबईतली महापालिकेची महाविद्यालयं आणि नागपूरचं शासकीय महाविद्यालय इथे फी कमी आणि रुग्णांची गर्दी मोठी, पण जागा थोड्या. खासगी किंवा अभिमत निवडताना इमारत बघू नका. कामाच्या दिवशी, मंगळवार-बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन बाकावर तासभर बसा. किती रुग्ण आले, विद्यार्थी त्यांना हात लावतात की भिंतीला टेकून वही भरतात, अतिदक्षता विभागाकडे कुणी फिजिओ जाताना दिसतो का. इंटर्न मुलांपैकी एखादीला बाहेर चहाला बोलावून विचारा की इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळतं का आणि गेल्या वर्षीच्या मुली आता कुठे आहेत.